ओटीवरची शिकवणी

मराठी शिकायला आलेला परदेशी माणूस पहिल्या तासाला वही उघडतो, तारीख टाकतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मी त्याला वही मिटायला सांगते.

पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कुणी संशोधनासाठी आलेलं असतं, कुणी चाकण-तळेगावच्या कारखान्यात बदली झालेल्या जोडीदाराबरोबर, कुणी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला येऊन इथेच रमलेलं, तर कुणी मराठी घरात सून किंवा जावई म्हणून. कारणं निरनिराळी, अडचण मात्र एकच. तीन-चार महिन्यांत त्यांना वाक्य जुळवता येतं. दुकानात जाऊन ‘अर्धा किलो साखर द्या’ असं नीट म्हणतात. मग दुकानदार विचारतो, ‘सुटी देऊ का पाकिटातली?’ आणि तिथे सगळं अडतं. बोलणं आपल्या ताब्यात असतं, जेवढं येतं तेवढंच बोलायचं. समोरचा काय बोलेल, किती वेगाने बोलेल, कुठला शब्द गिळेल, यावर आपला काही ताबा नसतो. शिकणारा अडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि शिकवणीत सगळ्यात कमी वेळ मिळतो तोही यालाच.

म्हणून जमेल तेव्हा मी त्यांना तिकोणा पेठेत घेऊन जाते.

कामशेतला लोकलमधून उतरायचं, तिथून काळे कॉलनी, म्हणजे पवनानगर, आणि पुढे धरणाच्या कडेकडेने जीपने पेठ. गडाच्या पायथ्याचं गाव. तिकोणा उर्फ वितंडगड गावाच्या डोक्यावरच उभा आहे. पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग, लांबवर लोहगड-विसापूर. शनिवार-रविवारी मात्र जायचं नाही. पाण्याच्या काठाला तंबू पडतात, गडावर ट्रेकरांची रीघ लागते, आणि गावाचं बोलणं त्या दोन दिवसांत गिऱ्हाइकांच्या सोयीचं होतं, निम्मंअधिक हिंदी. मंगळवार-बुधवार बरा. माझ्या जुन्या ओळखीतलं एक घर आहे. आजी, त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे दादा आणि वहिनी, कंपनीत कामाला जाणारा नातू, कॉलेजात जाणारी नात. दोन म्हशी, भाताची खाचरं, पावसाळ्यात इंद्रायणी. हा तांदूळ याच तालुक्यातला: वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला. घराला ऐसपैस ओटी आहे, आणि माझे वर्ग त्या ओटीवर भरतात.

वर्ग म्हणजे काय, तर बसून राहायचं.

परदेशी माणसाशी आपण मराठी माणसं कसं बोलतो, ते एकदा लक्ष देऊन ऐकावं. गोरा चेहरा दिसला की इंग्रजी, नाहीतर हिंदी. ‘त्यांना मराठी येतं’ असं सांगितलं, तर आवाज चढतो, वेग उतरतो, वाक्याचे तुकडे पडतात. ‘तुम्ही... जेवण... झालं?’ आणि जोडीला हाताने घास घेतल्याची खूण. यात माया असते, मला त्याची कदर आहे. पण असं मराठी आपण एकमेकांशी कधी बोलत नाही. शिकणाऱ्याच्या कानावर तेवढंच पडत राहिलं, तर त्याला वाटतं आपल्याला मराठी कळायला लागलं. आणि तीच दोन माणसं एकमेकांकडे वळून बोलू लागली की त्याला ओ की ठो कळत नाही. भाषा जिथे वाहते तिथे त्याला नेलंच जात नाही. काठावरच ओंजळभर पाणी आणून दिलं जातं.

म्हणून त्या घराला मी एकच विनंती केली: त्याच्याशी बोलू नका, त्याच्यासमोर बोला.

आजींना हे पहिल्यांदा अजिबात पटलं नाही. ‘पाव्हणा ओटीवर बसवायचा आन् त्याच्याशी बोलायचं न्हाय? ह्ये कुठलं वळण?’ त्यांचं बरोबर होतं. मग तडजोड झाली. चहा-जेवणाचं विचारायचं, ख्यालीखुशाली विचारायची, आणि त्यानंतर घरातल्यांनी आपापल्या कामाला लागायचं. पाहुणा ओटीवर.

सकाळी दुधाची वेळ होते. दादा धार काढून किटली घेऊन बाहेर येतात, वहिनी चुलीपाशी. डेअरीवरून परत आल्यावर जे बोलणं होतं ते साधारण असं:

‘किती भरलं?’

‘साडेचार.’

‘काल पावणेपाच व्हतं की.’

‘म्हस आटत चालली. फॅट बी कमी लागली.’

‘मग पेंड वाढवायची का?’

‘बघू.’

हेच बोलणं दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, फक्त आकडा बदलतो. तिसऱ्या दिवशी पेंडीऐवजी ओल्या चाऱ्याची गोष्ट निघते. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला असा पाठ बसवायला महिना लागेल: तोच सांगाडा, रोज एक-दोन शब्द नवे. साडे, पावणे, सव्वा, दीड, अडीच यांनी परदेशी विद्यार्थी हैराण होतात. पुस्तकात त्यांना अर्धं पान दिलेलं असतं आणि ते अर्धं पान पाठ करूनही उपयोग होत नाही, कारण बाजारात आकडा ऐकून मनात उलगडेपर्यंत पुढचं वाक्य येऊन गेलेलं असतं. ओटीवर तोच आकडा रोज सकाळी त्याच वेळी, त्याच किटलीबरोबर कानावर येतो. एक जर्मन विद्यार्थिनी चौथ्या-पाचव्या सकाळी माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, ‘आज कमी.’ मी तिला काहीच विचारलं नव्हतं. दादांनी आकडा सांगितला, तिला तो कळला आणि कालच्याशी ताडूनही बघता आला. ‘साडेचार म्हणजे किती’ हे भाषांतर मध्ये आलंच नाही.

स्टीव्हन क्रॅशन या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात मांडलं की भाषा अंगी मुरते ती कळण्याजोगं, पण आपल्या आवाक्याच्या किंचित पुढचं ऐकल्या-वाचल्याने. त्यांच्या मांडणीवर पुष्कळ वाद झाले, अजून होतात, आणि नुसतं ऐकून सगळं येतं असं मीही मानत नाही. पण ‘कळण्याजोगं’ या अटीकडे दुर्लक्ष करून लोक जे करतात ते मला खटकतं. दिवसभर मराठी मालिका लावून ठेवायच्या, कानात बातम्या घालून फिरायचं आणि भाषा आपोआप झिरपेल म्हणायचं. झिरपत नाही. ज्या आवाजामागे काय चाललंय हे दिसत नाही, तो आवाज काही दिवसांनी कान बंद करून टाकतात. ओटीवर किटली दिसते, म्हैस दिसते, दादांचा चेहरा दिसतो. निम्मा अर्थ डोळ्यांनी आधीच आणलेला असतो, म्हणून उरलेला कानांना पेलतो.

आता कानांच्या अडचणीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याला ती जाणवतच नाही. आपल्याला ‘वाट’ आणि ‘वात’ हे दोन शब्द इतके वेगळे वाटतात, की कुणाला ते सारखे ऐकू येत असतील यावर विश्वास बसत नाही. पण इंग्रजी किंवा जर्मन बोलणाऱ्याला ते खरोखरच सारखे ऐकू येतात. त्यांच्याकडे एकच ‘टी’ आहे आणि आपले त-ट हे दोन्ही त्याच एका खणात जाऊन पडतात. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईतो ते कळणं जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे बाळ बोलायला लागण्याच्या आधीच कान ठरवून टाकतात की कुठल्या फरकाकडे लक्ष द्यायचं आणि कुठला सोडून द्यायचा. मोठेपणी परकी भाषा शिकणं म्हणजे, इतर सगळ्याच्या आधी, तो जुना निर्णय बदलायला कानांना भाग पाडणं.

बदलता येतो का? येतो. जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येत नाहीत, हे प्रसिद्धच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी भाषकांना पुष्कळ शब्दांतून आणि अनेक माणसांच्या आवाजांतून हा फरक ऐकवला, तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली. त्या धाटणीच्या पुढच्या प्रयोगांतून एक गोष्ट ठळक झाली, ती शिकवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. एकाच माणसाचा आवाज ऐकून शिकलेलं त्या आवाजापुरतं राहतं. अनेक आवाज ऐकलेल्याला तो फरक नव्या, अनोळखी माणसाच्या तोंडूनही ओळखता येतो.

माझ्या अनुभवाला हे पुरेपूर धरून आहे. शहरातल्या वर्गात विद्यार्थी माझं मराठी शिकतात. माझा ट, माझा ळ, माझा वेग. पेठेत आजींच्या गालात मशेरी असते, शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचे पुढचे दात गेलेत, नात पोळी खाता खाता बोलते, दादा गोठ्यातून ओरडून बोलतात. ‘पाट’ हा शब्द या चार तोंडांतून चार तऱ्हेने येतो आणि तरी तो ‘पात’ होत नाही. नेमकं काय टिकून राहतं, ते कानांना तिथे कळतं. मी मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळी एकाला आत बसवते. वहिनी म्हणतात, ‘तेवढा पाट सरकवा’, ‘कांद्याची पात निवडा’, ‘ताट घ्या’, ‘तांब्या भरा’. उत्तर द्यायचं नाही, ऐकायचं आणि हात हलवायचे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच तत्त्वावर एक अध्यापनपद्धती उभी केली आहे: शिकणाऱ्याने सुरुवातीला बोलायचं नाही, आज्ञा ऐकायच्या आणि अंगाने पाळायच्या. वहिनींनी ॲशर वाचलेले नाहीत. चार माणसांच्या घरातला स्वयंपाक असाच चालतो एवढंच.

पावसाळ्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मावळातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पडवीच्या पत्र्यावर तो सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणंही तुटक ऐकू येतं. अशा वेळी विद्यार्थी हातपाय गाळतात. आधीच कळत नाही, त्यात हा आवाज. मी त्यांना घरातल्यांकडे बघायला सांगते. आजी आणि वहिनी त्या आवाजात आरामात बोलत असतात. त्यांना तरी सगळं कुठे ऐकू येतं? येत नाही. ‘रोपं...’ एवढं ऐकलं की पुढे ‘उपटून झाली का’ असणार हे वहिनींना ठाऊक असतं, कारण जुलै आहे, लावणी चाललीय, आणि काल संध्याकाळी निम्मं खाचर राहिलं होतं. अर्धं वाक्य कान ऐकतात आणि अर्धं डोकं भरून काढतं.

१९६०च्या दशकात पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी लोकांच्या सहज गप्पांच्या टेपमधून एकेकटे शब्द कापून त्याच भाषेच्या लोकांना ऐकवले. निम्म्याच्या आसपासच शब्द ओळखता आले. मागचं-पुढचं जोडून ऐकवलं की तेच शब्द स्पष्ट. मी हे फोनवर करून दाखवते. आजींचं एक वाक्य, त्यांना विचारून, रेकॉर्ड करते: ‘त्यांला म्हनावं येताना हिकडनंच या.’ मग त्यातला ‘म्हनावं’ एवढाच तुकडा काढून नातीला ऐकवते. ती दोनदा ऐकते आणि मान हलवते, ‘काय म्हणालीय आजी?’ तिची सख्खी आजी! हे पाहिलं की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आपल्याला एकेक शब्द पकडता येत नाही म्हणून आपले कान निकामी, असं त्यांना वाटत असतं. मराठी माणूसही एकेक शब्द पकडत नाही. तो पुढचं ओळखत ऐकतो, आणि ते ओळखता यायला गावाचा दिवस कसा जातो हे माहीत असावं लागतं. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना शब्दांच्या याद्या कमी देते आणि खाचराच्या बांधावर जास्त उभं करते. चिखलणी म्हणजे काय, आवण कधी टाकतात, लावणीला माणसं कुणाकडून येतात आणि त्यांची परतफेड कशी होते, हे ज्याला कळलं त्याला लावणीतलं बोलणं ऐकू येतं.

आपल्याकडे ऐकणं हे गप्प बसणं नसतं. ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. आजी काही सांगत असल्या की समोरच्याने ‘हां’, ‘मग?’, ‘अगं बाई’, ‘व्हय की’ म्हणत राहायचं. नाही म्हटलं तर आजी थांबतात आणि विचारतात, ‘ऐकतीयास ना?’ उत्तर युरोपातून आलेली माझी एक विद्यार्थिनी अतिशय आदराने, एकटक आजींकडे बघत, एक शब्दही न काढता ऐकत होती. तिच्याकडे ऐकण्याची रीत तीच. आजींनी दोन वाक्यांत गोष्ट आवरती घेतली आणि उठून गेल्या. मला नंतर म्हणाल्या, ‘तिला कटाळा आला वाटतं.’ तेव्हापासून मी बोलायला शिकवते ते पहिल्यांदा हे हुंकार. क्रियापदं नंतर. एक ‘मग?’ नीट सुरात आला की समोरचा माणूस आणखी दहा वाक्यं बोलतो, म्हणजे शिकणाऱ्याला आणखी दहा वाक्यं ऐकायला मिळतात. जपानी विद्यार्थ्यांना मात्र हे शिकवावंच लागत नाही. त्यांच्या भाषेतही ऐकणाऱ्याने सतत होकार भरत राहायची रीत आहे, तिला ते आइझुची म्हणतात. जपानी पाहुणा आला की आजींची कळी खुलते. तो ‘हां, हां’ म्हणत मान डोलावतो, निम्मं त्याला कळलेलं नसतं, पण बोलणं चालू राहतं. आणि बोलणं चालू राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कळतंच.

बाहेरून आलेल्या माणसाने मावळ-मुळशीच्या डोंगरांत बसून असं ऐकावं, याला मोठी परंपरा आहे. गी पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे. ते पुण्यात आले, इथलेच झाले, मराठी शिकले, आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुरुवात याच डोंगरपट्ट्यातल्या गावांमधून झाली. आज त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि आता हा ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळामुळे कुणालाही ऐकता येतो. ओवी प्रश्न विचारून मिळत नाही. पहाटे दळताना बाई स्वतःशी आणि जात्याशी बोलते, तिथे आपण ऐकणारे म्हणून चालावं लागतं. तेवढा विश्वास मिळवायला काय केलं असेल, याचा विचार मी ओटीवर बसून पुष्कळदा करते. ते एकटे ऐकत नव्हते, हेही महत्त्वाचं. गावातल्या कार्यकर्त्या बायका बरोबर होत्या, त्यांच्या कानांशिवाय कित्येक शब्द कागदावर आलेच नसते. जर्मनीचे गुंथर सोंथायमर धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या. १९९२ मध्ये ते गेले, पण त्या टेप ऐकून, उतरवून घेण्याचं काम पुढे ॲन फेल्डहाउस आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी केलं. आणि मॅक्सीन बर्नसन! अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झाल्या, फलटणच्या लोकांच्या बोलण्यावरच पीएच.डी. केली आणि जाई निंबकर यांच्या जोडीने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली. मी अजून त्यांवरून शिकवते. जिने आधी गाव ऐकलं, तिने लिहिलेलं पुस्तक आहे हे पानापानांवर जाणवतं.

याहून मागे जायचं तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं लागतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकटाहून आलेले काही जण स्वतःला ‘यवन’ म्हणवतात, म्हणजे बाहेरचे. आणि त्यांचा लेख आहे प्राकृतात, ब्राह्मी लिपीत, शेजारच्या इतर देणगीदारांसारखाच. विद्यार्थ्यांना मी तो खांब आवर्जून दाखवते. बहुधा व्यापाराला आलेल्या त्या माणसांपुढे ना व्याकरण होतं ना वर्ग. बाजारात, वाटेवर, लेण्यात बसून जे कानावर पडलं तेच.

उलट बाजूचंही त्याच घरात दिसतं. नातू तळेगावला एका कंपनीत आहे. त्याचं इंग्रजी कानावर आलेलं आहे. परदेशी इंजिनियर यंत्राशेजारी उभा राहून बोलतो, हात दाखवतो, हा बघतो आणि करतो. वाक्य बोलताना तो अडखळतो, पण समोरच्याचं सगळं कळतं. नात इंग्रजी पहिलीपासून शिकली. राज्यातल्या शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. तिला स्पेलिंग येतं, काळ ओळखता येतात, पेपरात गुण चांगले. एका मुलाखतीचा फोन आला तेव्हा तिने फोन भावाच्या हातात दिला. पलीकडची बाई काय विचारतेय ते तिला कळेना. बारा वर्षं शिकवलं, पण वर्गात तिला इंग्रजी ऐकवलं कुणी? फळ्यावर लिहून दाखवलं आणि मराठीतून समजावलं. मला याचा राग येतो, कारण मुलगी हुशार आहे आणि त्रुटी तिची नाही. आता ती माझ्या विद्यार्थ्यांबरोबर संध्याकाळी अर्धा तास इंग्रजीत बसते, आणि मी त्यांनाही तीच विनंती केली आहे: तिच्यासाठी हळू बोलू नका, तुम्ही आपसात बोला.

वहीला मी कायमचं हद्दपार करत नाही. पेठेहून परतल्यावर वही उघडतो. ‘घोडा’चं ‘घोड्याला’ का होतं, हे तेव्हा सांगायला सोपं जातं, कारण ‘म्हशीला’, ‘गोठ्यात’, ‘पाण्याला’ हे त्यांच्या कानांना आधीच सवयीचं झालेलं असतं. नियम सांगितला की ‘अच्छा, म्हणून तसं म्हणत होते!’ असा चेहरा होतो. आधी नियम आणि मग ऐकणं असं केलं की तोच नियम बोलताना मध्ये मध्ये येतो. लिहिणं, वाचणं, शुद्धलेखन, सगळं हवंच. क्रमाबद्दल माझा आग्रह आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून मराठी इतरांना शिकवण्याबद्दल बोललं जातं आहे. पुस्तकं होतील. माझं म्हणणं आहे की त्याआधी आवाज गोळा करावेत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यातली जिल्ह्याजिल्ह्यातल्या माणसांची ध्वनिमुद्रणं सगळ्यांसाठी खुली आहेत. मी ती वर्गात वापरते. चंद्रपूरची बाई आणि सिंधुदुर्गचे बाबा एकाच तासात ऐकल्यावर विद्यार्थ्यांना कळतं की मराठी म्हणजे एकट्या शिकवणाऱ्या बाईंचा आवाज नव्हे. नवशिक्याला मात्र याहून सोपं, घरगुती, कामाशी बांधलेलं ऐकायला हवं. म्हणून पेठेतल्या त्या घरात, सगळ्यांच्या संमतीने, मी छोटी छोटी रेकॉर्डिंग जमवायला लागले आहे. प्रत्येक तुकडा वहिनी आधी ऐकतात आणि घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये असं वाटलं तर काढून टाकायला सांगतात. तो त्यांचा हक्क आहे.

आजींचं मत वेगळं आहे. फोन समोर ठेवला की त्या पदर सारखा करतात, बाकीच्यांना गप्प बसवतात आणि ओवी म्हणतात. यंत्रात जाणार तर काहीतरी चांगलं जावं, कुणी म्हशीचं काय ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. मला तर म्हशीचंच हवं असतं. मग आमचं असं ठरलं आहे: आधी आजींच्या दोन ओव्या, पूर्ण, कुणी मध्ये न बोलता, आणि मग फोन सुपाशेजारी तसाच चालू ठेवायचा. दूध घालणं झालंय, तांदूळ निवडणं झालंय, विजेच्या बिलावरचं बोलणं झालंय, नातवाच्या डब्यात काय द्यायचं यावरचं तर तीनदा झालंय. लावणी राहिली आहे. भर पावसात, खाचरात, फोन कुणाच्या कमरेला बांधायचा यावर अजून आमचं एकमत व्हायचंय.